‘ओंडिना’ : बुडाले म्हणून सोडून दिलेले तेलवाहू जहाज

दुसऱ्या महायुद्धातील सागरी लढायांच्या इतिहासात मिडवे, बिस्मार्क, माल्टाचे काफिले अशी नावे ठळक अक्षरांत येतात. हिंदी महासागरात ११ नोव्हेंबर १९४२ रोजी घडलेली चकमक त्या मानाने अगदीच छोटी. एका बाजूला डच मालकीचे एक तेलवाहू जहाज आणि रॉयल इंडियन नेव्हीची एक चिमुकली नौका, दुसऱ्या बाजूला दोन बलाढ्य जपानी जहाजे. कागदावरचे गणित पाहिले, तर हा सामना तासाभरात एकतर्फी संपायला हवा होता. तो तसा संपला नाही. का संपला नाही, याचे उत्तर काही अंशी माणसांच्या चिवटपणात आहे, काही अंशी नशिबात, आणि बऱ्याच अंशी तेलवाहू जहाजाच्या बांधणीत.

‘ओंडिना’ हे ६३४१ टनांचे जहाज १९३९ मध्ये अॅमस्टरडॅममध्ये तयार झाले. मालकी शेल समूहाची. पुढच्याच वर्षी जर्मनीने हॉलंड गिळंकृत केले, पण डच व्यापारी जहाजांचा मोठा ताफा मित्रराष्ट्रांच्या बाजूने समुद्रावरच राहिला. ‘ओंडिना’ त्यांपैकी एक. अधिकारी डच, बरेचसे खलाशी चिनी, आणि मागच्या टोकावर बसवलेल्या १०२ मिलिमीटरच्या एकुलत्या एक तोफेवर ऑस्ट्रेलियन व ब्रिटिश गोलंदाज. या तोफेसाठी त्या प्रवासात अवघे ३२ गोळे होते.

सोबतीला असलेली ‘एचएमआयएस बेंगाल’ ही नौका तर याहून लहान. ऑस्ट्रेलियात बांधलेल्या बॅथर्स्ट वर्गातील चार नौका हिंदुस्थानच्या नौदलाला मिळाल्या होत्या. बॉम्बे, मद्रास, पंजाब आणि बेंगाल अशी त्यांची नावे. मूळ काम सुरुंग काढण्याचे आणि काफिल्यांच्या सोबतीचे. ‘बेंगाल’ला नौदलात दाखल होऊन जेमतेम तीन महिने झाले होते आणि तिच्यावरची मुख्य तोफ केवळ ७६ मिलिमीटरची होती. नेतृत्व लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन यांच्याकडे. खलाशी बहुतांश हिंदी. या नौदलात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून भरती होण्याची परंपरा जुनी होती, हे येथे सहज नोंदवायला हरकत नाही.

५ नोव्हेंबरला दोन्ही जहाजे पश्चिम ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल बंदरातून दिएगो गार्सियाच्या दिशेने निघाली. ‘ओंडिना’च्या टाक्या रिकाम्या होत्या. हा तपशील पुढे निर्णायक ठरणार होता.

सहाव्या दिवशी, कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला, दुपारच्या सुमारास क्षितिजावर दोन जहाजे दिसली. ‘होकोकू मारू’ आणि ‘आइकोकू मारू’. दोन्ही मुळात ओसाका शोसेन कैशा या कंपनीची प्रवासी व मालवाहू जहाजे. जपानी नौदलाने त्यांच्यावर १४० मिलिमीटरच्या तोफा, टॉर्पेडोनळ्या आणि टेहळणीची विमाने चढवून त्यांना व्यापारी जहाजांची शिकार करणाऱ्या सशस्त्र क्रूझरचे रूप दिले होते. त्या वर्षी मे महिन्यात याच जोडीने शेलचेच ‘जेनोटा’ हे तेलवाहू जहाज पकडून जपानी नौदलाच्या सेवेत घेतले होते. ‘ओंडिना’च्या अधिकाऱ्यांपुढे काय वाढून ठेवले आहे, याचा अंदाज त्यावरून येतो.

विल्सन यांनी ‘ओंडिना’ला पळून जाण्याचा इशारा दिला आणि स्वतः ‘बेंगाल’चे नाक थेट शत्रूकडे वळवले. पण ‘ओंडिना’चा वेग जेमतेम १२ नॉट आणि पाठलाग करणाऱ्यांचा २१. कॅप्टन विलेम हॉर्समन यांनी पळण्यात अर्थ नाही, हे ओळखून तोफ चालवण्याचा निर्णय घेतला. तांत्रिकदृष्ट्या हा सोबतीच्या नौकेच्या आदेशाचा भंग होता. पण पळाले असते, तर ती तोफ काही मिनिटांचाच खेळ ठरली असती.

थोड्याच वेळात ‘होकोकू मारू’च्या मागच्या भागात गोळा बसला. तेथे टॉर्पेडो होते, जवळच विमान आणि त्याचे इंधन. आग भडकली, स्फोट झाले आणि दहा हजार टनांचे ते जहाज बुडाले. कॅप्टन इमाझातो यांच्यासह ७६ जण मृत्युमुखी पडले. व्यापारी जहाजाला युद्धनौकेचा पोशाख चढवला, तरी तिचे चिलखत मिळत नाही, ही या साऱ्या योजनेतील मूळ त्रुटी होती. ज्वलनशील आणि स्फोटक सामग्री उघड्या डेकवर ठेवलेली असताना, आकाराने कितीही मोठे असले तरी जहाज एका गोळ्याचे धनी होऊ शकते.

तो गोळा नेमका कोणाचा? हिंदुस्थानातील युद्धकालीन प्रसिद्धीने श्रेय ‘बेंगाल’ला दिले, डचांनी ‘ओंडिना’ला. दोन्ही जहाजांवरून एकाच वेळी मारा चालू होता, त्यामुळे वाद निकाली निघाला नाही. मोठी तोफ ‘ओंडिना’वर होती हे खरे, पण विल्सन यांनी शत्रूचे लक्ष आपल्याकडे ओढले नसते, तर त्या तोफेला नेम धरायला उसंतही मिळाली नसती. श्रेयाची वाटणी करण्यापेक्षा हा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो.

गोळे संपत आलेल्या आणि स्वतःही मार खाल्लेल्या ‘बेंगाल’ने धुराचा पडदा सोडला आणि ‘ओंडिना’ वाचणार नाही अशा समजुतीने ती दिएगो गार्सियाकडे निघाली. इकडे ‘ओंडिना’चे गोळे संपले. हॉर्समन यांनी इंजिन थांबवून जहाज सोडण्याचा आदेश दिला आणि काही क्षणांतच तोफगोळ्याच्या कपच्यांनी त्यांचा बळी घेतला. ‘आइकोकू मारू’ने जवळ येऊन दोन टॉर्पेडो सोडले. दोन्ही लागले. जहाज एका बाजूला सुमारे ३० अंशांनी कलले. त्यानंतर जपान्यांनी जीवरक्षक नौकांवर मशिनगन चालवली. त्यात काही जण ठार झाले. मग आपल्या बुडालेल्या जोडीदाराच्या माणसांना उचलण्यासाठी ‘आइकोकू मारू’ निघून गेले. परत येऊन त्याने आणखी एक टॉर्पेडो सोडला, तो चुकला. हे जहाज आता आपोआप बुडेल, असे समजून शत्रू तेथून गेला.

जहाज मात्र बुडाले नाही. तेलवाहू जहाजाचे पोट म्हणजे एक मोठी पोकळी नसते. उभ्याआडव्या पोलादी भिंतींनी त्याच्या अनेक स्वतंत्र टाक्या केलेल्या असतात. त्या भरलेल्या असल्या की एक ठिणगी पुरेशी. रिकाम्या टाक्यांत तेलाची वाफ कोंडलेली असली, तर धोका त्याहूनही मोठा. पण टाक्या रिकाम्या, हवा खेळती आणि झाकणे घट्ट असतील, तर त्याच टाक्या जहाजाला तरंगत ठेवतात. टॉर्पेडोने फोडलेल्या टाक्यांत पाणी शिरले, शेजारच्या टाक्या शाबूत राहिल्या.

नौकांतून हे पाहणाऱ्या खलाशांना परत जायची इच्छा होणे अवघडच होते. पहिले अधिकारी रेह्विंकेल यांच्या पुढाकाराने आधी मोजकी माणसे चढली, आग विझवली, विरुद्ध बाजूच्या टाक्यांत समुद्राचे पाणी घेऊन कललेले जहाज सरळ केले आणि इंजिन सुरू केले. मग बाकीचे परतले.

पुढचा प्रसंग काहीसा विडंबनात्मक आहे. संकेतपुस्तिका शत्रूच्या हाती पडू नये म्हणून समुद्रात टाकलेल्या. त्यामुळे जखमींसाठी वैद्यकीय मदतीची हाक साध्या भाषेत द्यावी लागली, आणि ती जपानी सापळा असावी या शंकेने किनाऱ्यावरून उत्तरच येईना. ‘ओंडिना’ १८ नोव्हेंबरला फ्रीमँटलला पोहोचले. त्याच्या आदल्याच दिवशी ‘बेंगाल’ दिएगो गार्सियाला सुखरूप लागली होती.

इतक्या जखमी जहाजाची दुरुस्ती तेथे शक्य नव्हती, आणि युद्धात तरंगणारी टाकी वाया घालवणे परवडणारे नव्हते. ‘ओंडिना’ला पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या एक्समाउथ आखातात इंधनसाठ्याचे जहाज म्हणून उभे करण्यात आले. टँकरची टंचाई वाढल्यावर १९४४ मध्ये ते अमेरिकेतील फ्लोरिडाच्या टँपा बंदरात नेऊन पूर्ण दुरुस्त केले गेले आणि पुन्हा मूळ कामावर रुजू झाले. हॉर्समन यांना डच सरकारने मरणोत्तर ‘मिलिटरी विल्यम ऑर्डर’ हा सर्वोच्च लष्करी सन्मान दिला, तर विल्सन यांना डीएसओ मिळाले.

या चकमकीनंतर जपानने हिंदी महासागरातील सशस्त्र व्यापारी जहाजांचे छापे जवळजवळ थांबवले. मार्च १९४४ मध्ये ‘बेहार’ हे जहाज बुडवले गेले, पण ते काम खऱ्या क्रूझरचे होते. त्याआधीच, १७ फेब्रुवारी १९४४ रोजी ‘आइकोकू मारू’ ट्रुक बेटांजवळ अमेरिकन विमानांच्या हल्ल्यात प्रचंड स्फोटाने उडाले होते.

‘ओंडिना’ने युद्धानंतर जवळजवळ दीड दशक तेल वाहिले. १९५९ मध्ये हाँगकाँगमध्ये ते तोडण्यात आले. स्वातंत्र्यानंतर ‘आयएनएस बेंगाल’ झालेल्या तिच्या सोबतिणीने भारतीय नौदलात आणखी वर्षभर काढले. १९६० मध्ये तीही भंगारात गेली.