इंग्रजी सोडून देण्याचा हिशेब

‘सर, इंग्रजी सोडून दिलं तर चालेल का? बाकीच्या विषयांत कव्हर करतो.’ यवतमाळच्या अभ्यासिकांत, पुसद-वणीच्या क्लासमध्ये हा प्रश्न इतक्यांदा ऐकला आहे, की आता उत्तर लिहूनच द्यावं. चालत नाही. आणि पोरांना हा सल्ला देणाऱ्या सिनियर मंडळींनी एकदा तरी कागद-पेन घेऊन आकडेमोड करावी.

२०२३ ची तलाठी भरती घ्या. १०० प्रश्न, २०० गुण. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी-अंकगणित यांचे प्रत्येकी २५ प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते. म्हणजे इंग्रजी न वाचता डोळे मिटून पर्याय निवडले, तरी चारातला एक या हिशेबानं सरासरी सहा उत्तरं बरोबर येणार. बेताची तयारी असलेला उमेदवार १७ काढतो. फरक ११ प्रश्नांचा, २२ गुणांचा. तो बाकीच्या ७५ प्रश्नांतून भरून काढायचा. तिथे तुमचे ६० आधीच बरोबर येत असतील, तर उरले १५, आणि त्यातले ११ बरोबर यायला हवेत. हे उरलेले १५ म्हणजे वर्षभर अभ्यास करूनही न जमलेले, सगळ्यात अवघड प्रश्न. तिथून ११ काढण्यापेक्षा इंग्रजीतले ११ काढणं कितीतरी सोपं आहे, कारण तिथे सोपे प्रश्न अजून हात न लावलेले पडून आहेत.

हा गैरसमज पसरण्यामागे एक कारण मला दिसतं. आपल्याकडची बरीच मुलं सुरुवात पोलीस भरतीपासून करतात. त्या लेखी परीक्षेत अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता आणि मराठी व्याकरण असतं, इंग्रजी नसतंच. दोन-तीन भरत्या अशा गेल्या की मुलगा तलाठी, जिल्हा परिषद, एमपीएससीकडे वळतो. मग इंग्रजीचा भाग त्याला कुणीतरी मुद्दाम घातलेला अडसर वाटतो, आणि दोष माध्यमावर जातो: ‘आपण मराठी मीडियमचे.’

माध्यमाचं हे रडगाणं आता थांबायला हवं. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आज पंचविशीत असलेला उमेदवार बारावीपर्यंत बारा वर्षं हा विषय शिकलेला असतो. शिवाय २०२३ च्या तलाठी भरतीच्या जाहिरातीतच लिहिलं होतं, की बाकी प्रश्नांचा दर्जा पदवीचा, पण मराठी आणि इंग्रजीचा बारावीचा. तिथे कुणी तुम्हाला बोलायला लावत नाही, निबंध मागत नाही. चार पर्यायांतला एक ओळखायचा असतो.

आणि ते ओळखणं कानावर चालत नाही. हा प्रश्न बघा: ‘वन ऑफ माय फ्रेंड्स ... इन पुसद.’ पर्याय: लिव्ह, लिव्ज, आर लिव्हिंग, हॅव लिव्ड. क्रियापदाच्या अगदी शेजारी ‘फ्रेंड्स’ हे अनेकवचन बसवलं आहे, ते मुद्दाम. वाक्याचा कर्ता ‘वन’ आहे. चारांपैकी तीन पर्याय अनेकवचनी आहेत, एकवचनी एकच: लिव्ज. नियम माहीत असणारा पाच सेकंदांत पुढे जातो. ‘ऐकायला कोणतं बरं वाटतं’ यावर जाणारा फसतो, मग तो इंग्रजी माध्यमाचा का असेना. कर्त्याशी क्रियापद जुळवणं मराठी माणसाला परकं नाही. मुलगा गेला, मुलगी गेली, मुलं गेली, हे आपण विचार न करता जुळवतो.

जिथे मराठी आपल्याला फसवते ती ठिकाणंही मोजकीच आहेत. ‘सोमवारपासून’ आणि ‘दोन तासांपासून’, दोन्हीला आपण ‘पासून’ लावतो. इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’, कालावधीला ‘फॉर’. त्यामुळे ‘सिन्स टू अवर्स’ हा चुकीचा पर्याय आपल्याला बिनचूक वाटतो, आणि म्हणूनच तो तिथे असतो. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागत नाही, हे असंच दुसरं ठिकाण. अशी वीस-पंचवीस ठिकाणं वहीत एकत्र केली, तर चूक शोधा प्रकारातला मोठा भाग हाताशी येतो.

आता सरावाबद्दल. व्याकरणाचं जाडजूड पुस्तक तीनदा वाचून काढलं म्हणजे तयारी झाली, ही समजूत मेहनती मुलांचंच जास्त नुकसान करते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. एका गटानं उतारा दोनदा वाचला. दुसऱ्यानं एकदा वाचला आणि मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी उतारा आठवण्यात दोनदा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर चित्र उलटलं: ४२ विरुद्ध ५६. वाचताना ‘येतंय’ असं वाटतं, ते हेच पहिल्या पाच मिनिटांचं येणं.

म्हणून धडा एकदा वाचा आणि त्याच दिवशी जुन्या प्रश्नपत्रिकांतले त्या धड्याचे प्रश्न सोडवा. चुकलेला प्रश्न वहीत उतरवताना बरोबर उत्तरासोबत आपण कोणता पर्याय निवडला होता आणि तो का पटला, हेही लिहा. उत्तरतालिकेशी ताडून ‘१४ आले’ म्हणत पान उलटणारा मुलगा नेमका शिकण्याचा भाग टाकून देतो. हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

उताऱ्यावरच्या प्रश्नांत शेतकऱ्याच्या पोराची एक वेगळीच अडचण होते. उतारा कापसावर आहे. त्यात लिहिलंय, पाऊस उशिरा आला म्हणून उत्पादन घटलं. पर्यायांत बोंडअळी आहे. राळेगाव-घाटंजीच्या मुलाला बोंडअळी घरच्या अनुभवानं माहीत, तो तिच्यावरच खूण करतो. गोष्ट खरी, उत्तर चूक. उताऱ्यात जे लिहिलंय तेवढंच खरं धरायचं.

‘रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाचा’ हा सल्ला बहुतेकांसाठी फार लवकरचा आहे. भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या अभ्यासानुसार मजकूर मदतीशिवाय नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे पन्नासात एखादाच अनोळखी. अग्रलेखात ओळीला दोन शब्द अडत असतील, तर आठवी ते दहावीचं बालभारतीचं पुस्तक घ्या. त्यात लाज कसली?

आता अभ्यासिकांत ऐकू येणाऱ्या आणखी काही समजुती.

‘सगळीकडे सी मारला तर जास्त बरोबर येतात’: नाही, पंचविसात सरासरी सहाच.

‘निगेटिव्ह मार्किंग असेल तर शंका आली की सोडा’: एमपीएससीत चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा जातो, म्हणून चारांतला एक पर्याय खात्रीनं बाद करता आला, तरी उत्तर देणं सरासरीत फायद्याचंच.

‘तांड्यावरच्या, पोडावरच्या मुलांना इंग्रजी झेपत नाही’: घरी गोरमाटी किंवा कोलामी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी बोलणाऱ्या मुलाला नवी भाषा शिकण्याची सवय इतरांपेक्षा जास्तच असते.



राहिले जिल्हा परिषदेचे गुरुजी आणि बाई. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) बंधनकारक केली, तेव्हापासून ‘आता या वयात कुठलं इंग्रजी’ हे स्टाफरूममध्ये ऐकू येतं. टीईटीत १५० पैकी ३० गुण इंग्रजीचे आहेत. अंदाजानं सात-आठ आले धरले, तर खुल्या प्रवर्गाला पास व्हायला लागणारे ९० गाठायला उरलेल्या १२० पैकी ८२-८३ लागतील. आणि ही तीच माणसं आहेत, ज्यांच्यापैकी अनेकांनी पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवूनही २००० पासून पहिलीच्या पोरांना इंग्रजी शिकवलं. बारावीपर्यंतची बालभारतीची पुस्तकं त्यांना शाळेत किंवा शेजारच्या कॉलेजात सहज मिळतील. इंग्रजी दूर ठेवून भागणार नाही. गेल्या काही वर्षांच्या टीईटीच्या प्रश्नपत्रिका मिळवून इंग्रजीचे ३० प्रश्न आधी सोडवून बघावेत, क्लासची फी त्यानंतर भरायची का ते ठरवता येईल.