ठोकळ्यांच्या वाहनप्रतिकृतींतील यंत्रणा

एकमेकांत अडकणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांपासून बनवलेल्या छोट्या वाहनांत प्रत्यक्ष चालणारे भाग बसवले जातात. चाके वळवणारे सुकाणू, वर-खाली होणारे इंजिनाचे दट्ट्ये किंवा टिपरचा उचलला जाणारा हौदा ही त्यांची उदाहरणे होत. वाहनाचे बाह्य रूप आणि सांगाड्याची बळकटी राखून हे भाग कमीत कमी जागेत बसवणे, हा अशा रचनेतील मुख्य प्रश्न असतो.

इतिहास

डेन्मार्कमधील बिलुंड येथील लेगो कंपनीने आतून नळ्या असलेल्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला. दंतचक्रे (गियर), आस आणि छिद्रयुक्त ठोकळे असलेले तिचे तांत्रिक संच १९७७ मध्ये बाजारात आले; १९८४ पासून ते 'टेक्निक' या नावाने ओळखले जातात. १९७७ च्या मोटारीच्या सांगाड्यात सुकाणू व हलणारे दट्ट्ये होते. १९८० च्या सांगाड्यात डिफरन्शियलही बसवण्यात आले.

मापांचा मेळ

शेजारच्या दोन गुंड्यांच्या केंद्रांतील अंतर ८ मिमी असते. हेच या पद्धतीचे एकक होय. ठोकळ्याची उंची ९.६ मिमी, तर पातळ ठोकळ्याची ३.२ मिमी असते. पाच पातळ ठोकळ्यांची उंची १६ मिमी, म्हणजे नेमकी दोन एकके भरते. त्यामुळे भाग आडवे वळवूनही जोडता येतात आणि जागा वाचते.

दंतचक्रेही याच मापांत बसतात. त्यांचा परिणामी व्यास मिलिमीटरमध्ये दात्यांच्या संख्येइतका असतो. ८ व २४ दात्यांच्या चक्रांच्या त्रिज्यांची बेरीज १६ मिमी (दोन एकके), तर ८ व ४० दात्यांच्या चक्रांची २४ मिमी (तीन एकके) होते.

प्रमुख यंत्रणा

सुकाणू : लहान दंतचक्र दातेरी पट्टी डावी-उजवीकडे सरकवते. ८ दात्यांच्या चक्राच्या एका फेऱ्यात पट्टी सुमारे २५ मिमी सरकते. म्हणून पाव फेराही चाके वळवण्यास पुरेसा ठरतो.

हौदा व क्रेन : येथे वर्म गियर उपयोगी पडते. त्याच्या एका फेऱ्याने समोरचे चक्र एकच दाता पुढे सरकते. त्यामुळे २४ दात्यांच्या चक्राबरोबर २४:१ हे प्रमाण एकाच टप्प्यात मिळते. ८ व ४० दात्यांच्या जोड्या वापरल्यास २५:१ साठी दोन टप्पे लागतात. शिवाय वर्म गियर उलट फिरत नसल्याने उचललेला हौदा भाराने खाली येत नाही.

डिफरन्शियल : वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते. हा फरक डिफरन्शियल सामावून घेते. अरुंद वाहनात त्याला जागा नसल्यास मागील दोन्ही चाके मोकळी ठेवतात किंवा एकाच चाकाला गती देतात.

मर्यादा

दंतचक्रांची प्रत्येक जोडी घर्षण वाढवते आणि दात्यांमधील ढिलाई साठत जाते. प्लास्टिकची लांब आस भाराखाली पिळली जाते. म्हणून वेग कमी करून जोर वाढवणारा टप्पा शक्यतो शेवटी, चाकाजवळ ठेवतात. चौकट वाकल्यास दंतचक्रांतील अंतर बदलून दाते सुटतात. त्यामुळे यंत्रणेभोवतीची चौकट भक्कम बांधावी लागते. ट्रॅक्टरच्या प्रतिकृतीत इंजिन, सुकाणू व उचल या तिन्ही गोष्टी हव्या असल्यास आतील बैठकीची जागा बहुधा सोडावी लागते.

महाराष्ट्रातील जवळचे उदाहरण

पुण्यात टेल्को कंपनीत काम केलेले अभियंता अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून रचना करण्याची स्वस्त पद्धत लोकप्रिय केली. पुढे त्यांनी पुण्यातील आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केले. काड्यांचा चौकोन दाबल्यास तिरका होतो, त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. वाहनप्रतिकृतीत तिरका आधार देऊन चौकट भक्कम करण्यामागेही हेच तत्त्व असते.