झटक्याच्या उगमाचा शोध : स्टिरिओ-ईईजी

कपाळामागच्या ललाटखंडातून, म्हणजे मेंदूच्या फ्रॉन्टल लोबमधून, उठणारे अपस्माराचे झटके ओळखणे अवघड असते, कारण ते बरेचदा झोपेत येतात, बहुधा मिनिटभरात ओसरतात, आणि त्यांत रुग्ण ओरडतो, सायकल चालवल्यासारखे पाय मारतो व लगेच भानावर येतो. त्यामुळे घरच्यांना ते दुःस्वप्न किंवा बाहेरची बाधा वाटते आणि डॉक्टरांनाही कधी मानसिक विकाराचा संशय येतो. मेंदूतील विद्युत्-लहरींचा आलेख, म्हणजे ईईजीही, येथे अनेकदा अपुरा पडतो, कारण ललाटखंडाचा आतला आणि डोळ्यांच्या खोबणीवरचा पृष्ठभाग डोक्याच्या त्वचेवरील इलेक्ट्रोडांपासून दूर असतो आणि झटका सुरू होताच स्नायूंच्या हालचालींनी आलेख झाकोळतो.

पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात मेंदूशल्यविशारद झाँ तालेराक आणि चेताविकारतज्ज्ञ झाँ बाँको यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर जी पद्धत उभी केली, ती म्हणजे स्टिरिओ-ईईजी. कवटी न उघडता, मोजून ठरवलेल्या बिंदूंवर बारीक छिद्रे पाडून इलेक्ट्रोड मेंदूत खोलवर उतरवणे हे तिचे तंत्र. तथापि झटक्याचे बाह्य रूप, मेंदूची रचना आणि विद्युत्-आलेख ही तिन्ही एकत्र वाचणे हा तिचा गाभा होय.

आज एमआरआय आणि रोबोटच्या साहाय्याने बसवले जाणारे हे इलेक्ट्रोड साधारण ०.८ मिलिमीटर जाडीचे असून प्रत्येकावर ओळीने अनेक संपर्कबिंदू असतात. ते कोठे बसवायचे हे आधी व्हिडिओ-ईईजीतील झटके बारकाईने पाहून, तर्काने ठरवावे लागते. कारण इलेक्ट्रोड जेथे पोहोचला नाही, तेथले काहीच कळत नाही. त्यानंतर औषधे कमी करून, रुग्णालयातच, झटक्याची वाट पाहिली जाते. उगमाजवळच्या बिंदूवर आलेखाची रेषा बहुधा एकाएकी कमी उंचीच्या, दाट, वेगवान लहरींची होते आणि काही क्षणांनी रुग्णाचे शरीर हालू लागते. हा क्रम उलटा दिसला, म्हणजे आलेख बदलण्याआधीच शरीर हालले, तर खरा उगम अन्यत्र आहे असे तज्ज्ञ मानतात, आणि अशा वेळी शस्त्रक्रियेची घाई न करणे हेच या विद्येचे शील होय.

उगम निश्चित झाल्यावर तेवढा भाग काढला जातो. तेथे पुष्कळदा जन्मतःच विस्कळीत घडलेल्या मेंदूकवचाचा तुकडा आढळतो, ज्याचे वर्णन डेव्हिड टेलर व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये केले. मात्र हातापायांची हालचाल आणि वाचा सांभाळणारे भाग राखावे लागतात; म्हणून त्याच इलेक्ट्रोडांतून सौम्य वीजप्रवाह देऊन त्यांच्या सीमा आधी तपासल्या जातात. ललाटखंडावरील शस्त्रक्रियेनंतर ढोबळमानाने निम्मे रुग्ण झटकामुक्त होतात, आणि एमआरआयमध्ये दोष स्पष्ट दिसून तो पूर्ण काढता आला, तर यशाची शक्यता वाढते. रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांचा धोका थोडा असला तरी असतोच.

योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही झटके थांबत नसतील, तर त्या अपस्माराला औषधरोधी म्हणावे, अशी व्याख्या अपस्मारविरोधी आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये प्रसिद्ध केली. अशा रुग्णाने तिसऱ्या-चौथ्या औषधात वर्षे घालवू नयेत. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या अपस्मार केंद्रात तपासणी करून घ्यावी, आणि घरच्यांनी रात्रीच्या झटक्याचे मोबाइलवर चित्रण करून ते डॉक्टरांना अवश्य दाखवावे, कारण अचूक निदानाची सुरुवात पुष्कळदा तेथूनच होते.