एअरबॅग जॅकेट कोणतं घ्यावं? आधी प्रश्न नीट मांडू

गेल्या दिवाळीच्या आसपास पप्पांची गाडी घसरली. दीपनगरच्या वीज केंद्रात त्यांची शिफ्ट ड्युटी असते. रात्रपाळी संपवून येताना घराजवळच्या वळणावर खडी पसरलेली होती, पुढचं चाक सरकलं आणि ते गाडीसकट आडवे झाले. हेल्मेट होतं, म्हणून डोकं वाचलं. बरगड्यांना मात्र असा मुका मार बसला की तीन आठवडे कूस बदलता येईना. त्याच आठवड्यात भावाने मला एअरबॅग असलेल्या बिनबाह्यांच्या जॅकेटची लिंक पाठवली. सोबत एकच ओळ होती: "तू इम्पॅक्टवरच पीएचडी करतेस ना, मग सांग कोणतं घेऊ."

मी धक्का शोषणाऱ्या फेसांवर काम करते, त्यामुळे एका संध्याकाळचं काम आहे असं वाटलं. लागले दोन महिने. पहिल्या सिनॉप्सिसमध्ये केलेली चूक मी इथेही केली होती. प्रश्न नीट न मांडताच उत्तर शोधायला बसले होते. आरआरसीमध्ये तेव्हा एका सरांनी दोनच शब्द विचारले होते: "कशाच्या तुलनेत?" तुमच्यापैकी जे पेट किंवा नेट देऊन विषय शोधताहेत, त्यांच्यासाठी हा खरेदीचा किस्सा मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. विषय निवडताना हेच अडथळे येतात.

वस्तू काय आहे

कल्पना जुनी आहे. हंगेरीच्या तामाश श्ट्राउब यांनी १९७६ मध्ये मोटरसायकलस्वाराच्या अंगावरच्या एअरबॅगचा आराखडा नोंदवला. प्रत्यक्ष बाजारात ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या हिट-एअरमुळे आली. २०१८ पासून मोटोजीपी शर्यतींत एअरबॅग सक्तीची आहे. पप्पांनी पहिल्या दिवसापासून तिला 'बंडी' म्हटलं, म्हणून मीही तेच म्हणते.

बंडीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात एक दोरी गाडीला अडकवलेली असते. स्वार सीटवरून फेकला गेला की दोरी ताणते, कळ सुटते, कार्बन डायऑक्साइडचं छोटं नळकांडं फुटतं आणि पिशव्या फुगतात. दुसऱ्या प्रकारात दोरी नसते. त्वरण आणि फिरणं मोजणारे सेन्सर सेकंदाला शेकडो वेळा नोंदी घेतात आणि 'हा अपघात आहे' असं अल्गोरिदमने ठरवलं की वायू सुटतो. ही बंडी चार्ज करावी लागते. इन अँड मोशनसारख्या काही यंत्रणांना वर्गणीही लागते.

लेबलवरचा आकडा

जाहिरातीत पहिला आकडा येतो तो युरोपीय मानक ईएन १६२१-४ चा. चाचणीत ठरावीक आकाराचा ठोकळा ५० ज्यूल ऊर्जेने फुगलेल्या बंडीवर आपटतात आणि खाली किती बल पोहोचलं ते मोजतात. सरासरी ४.५ किलोन्यूटनपर्यंत बल पोहोचलं तर लेव्हल १, २.५ किलोन्यूटनपर्यंत तर लेव्हल २. पाठीच्या साध्या, न फुगणाऱ्या संरक्षकाचं मानक ईएन १६२१-२. त्यात त्याच ५० ज्यूलला लेव्हल १ ची मर्यादा १८ आणि लेव्हल २ ची ९ किलोन्यूटन आहे. म्हणजे फेसाच्या पाट्यापेक्षा हवेची पिशवी धक्का कितीतरी चांगला पसरवते. माझ्यासारख्या फेसवालीला हे मान्य करणं जरा जड गेलं, पण आकडे स्पष्ट आहेत.

आता थांबा आणि ५० ज्यूल म्हणजे किती ते काढा. ५ किलोचं वजन १ मीटरवरून सोडलं तर साधारण तेवढी ऊर्जा होते. ७० किलोचा माणूस ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे ४,३०० ज्यूल भरते, म्हणजे ८० पटींहून जास्त. म्हणून चाचणी खोटी ठरते का? नाही. पडताना सगळी ऊर्जा एकाच ठिकाणी, एकाच क्षणी उतरत नाही. चाचणीचा प्रश्न मर्यादित आहे: 'दोन बंड्यांना सारखाच ठोसा दिला तर कोणती जास्त शोषते?' त्याचं उत्तर ती चोख देते. 'माणूस वाचेल का?' हे तिला कोणी विचारलेलंच नाही.

आणखी एक गोष्ट. ईएन १६२१-४ यांत्रिक, म्हणजे दोरीच्या प्रकारासाठी लिहिलेलं मानक आहे. अल्गोरिदम अपघात वेळेवर ओळखतो का, हे ते तपासत नाही. इलेक्ट्रॉनिक बंडीवर हा क्रमांक दिसला तर तो पिशवीबद्दल बोलतो, मेंदूबद्दल नाही. शोधनिबंध वाचतानाही हीच सवय लावा: आकडा बघितला की तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते समासात लिहा.

टेप घेऊन गाडीपाशी

मग मी पप्पांच्या गाडीपाशी टेप घेऊन बसले. ते सीटवर बसल्यावर त्यांची छाती जमिनीपासून सुमारे १.२ मीटर उंच होती. तेवढ्या उंचीवरून वस्तू पडायला साधारण अर्धा सेकंद, म्हणजे ५०० मिलिसेकंद लागतात. मानकाची फुगण्याची मर्यादा २०० मिलिसेकंद आहे. म्हणजे स्वार गाडीवरून उडून जमिनीवर पडत असेल तर बंडीला वेळ पुरतो.

आता दुसरा प्रसंग घ्या. समोरच्या ट्रकवर ताशी ४० किलोमीटरने थेट धडक. पुढचा भाग चेपल्यावर छाती आणि ट्रक यांच्यात जेमतेम १ मीटर उरतं. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. १ मीटर संपायला सुमारे ९० मिलिसेकंद. दोरीची बंडी आधी दोरी ताणायची वाट बघणार, मग फुगणार. तिला उशीर होण्याची दाट शक्यता आहे. इलेक्ट्रॉनिक बंडी धडकेचा पहिला हादरा टिपते, त्यामुळे इथे तिची बाजू वरचढ.

तिसरा प्रसंग पप्पांचा स्वतःचा: हळू वेग, आणि गाडी व माणूस एकत्रच आडवे. ते गाडीपासून सुटलेच नाहीत, तर दोरी ताणणार कशी? आणि वेग फारच कमी असेल तर अल्गोरिदमही त्याला अपघात मानेलच असं नाही. ज्या अपघातामुळे आम्ही बंडी शोधत होतो, त्यातच ती फुगली असती याची खात्री नव्हती! ही गणितं ढोबळ आहेत. गाडीचं चेपणं, कोन, शरीराचं वळणं मी सोडून दिलंय. पण पहिल्या आठवड्यात अशी पाकिटामागची आकडेमोड केली असती तर माझे दोन महिने वाचले असते.

पुरावा कुठून आणायचा

'शर्यतीत चालतं, म्हणजे चांगलंच असणार' हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळाला. शर्यतीच्या ट्रॅकवर स्वार पडतो, घसरतो, लोळतो आणि बाजूला मोकळी जागा असते. दीपनगरहून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर बाजूला ट्रक असतो, दुभाजक असतो, राखेचा बल्कर असतो. एका ठिकाणचा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी लागू पडतो का, याला संशोधनात बाह्य वैधता म्हणतात. व्हायव्हामध्ये हा प्रश्न हमखास येतो.

दुसरा युक्तिवाद असा की बंडीवाल्यांना जखमा कमी होतात. असतीलही. पण इतके पैसे खर्चून बंडी घेणारा माणूस बहुतेक वेळा चांगलं हेल्मेट, बूट, हातमोजेही घालतो आणि कदाचित सांभाळून चालवतो. मग श्रेय कोणाला द्यायचं? म्हणूनच तुलनेचा गट लागतो. युरोपातल्या मेड्स अभ्यासात पाच देशांतले ९२१ अपघात तपासले, आणि त्यांच्या जोडीला अपघात न झालेले ९२३ स्वार घेतले. हे स्वार त्यांनी पेट्रोल पंपांवर गाठले. साधी युक्ती आहे, पण तिच्यामुळे 'कशाच्या तुलनेत?' याला उत्तर मिळतं. आपल्याकडे कोणी असा अभ्यास करायचं ठरवलं तर भुसावळ-वरणगाव रस्त्यावरचे पंप आहेतच.

हेल्मेटचा पुरावा मात्र भक्कम आहे. २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात ६१ अभ्यास एकत्र तपासले गेले. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या जखमेचा ६९ टक्के कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. तिथे खऱ्या रस्त्यावरची खरी माणसं मोजली होती.

आणि मग आई बोलली

मी हे आकडे जेवताना सांगत होते. आई भाकरी टाकता टाकता म्हणाली, "मी मागं बसते तं मले काय?"

माझ्या हातातला घास तसाच राहिला. दर रविवारी ती पप्पांच्या मागे बसून भुसावळच्या बाजारात जाते, विनाहेल्मेट. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ होते, आणि त्यात १४,३३७ मागे बसलेले. हे आकडे माझ्या फाइलमध्ये महिनाभर पडून होते. पण मी प्रश्नच 'पप्पांसाठी कोणती बंडी' असा मांडला होता, त्यामुळे आई नमुन्यात आलीच नाही. नमुन्यातून कोण सुटलं हे बहुतेक वेळा आकडे सांगत नाहीत, बाहेरचं कोणीतरी सांगतं. ते सिनॉप्सिसच्या आधी विचारून घ्या.

दुसऱ्याच दिवशी आयएस ४१५१ चा शिक्का असलेली दोन हेल्मेटं आणली. पप्पांचंही बदललं, कारण आपटलेलं हेल्मेट आतून दबलेलं असू शकतं. वरून नवं दिसतं, तरी ते पुन्हा वापरू नये.

मग बंडी घेतली का?

घेतली, दोरीची. कारणं सांगते, कारण निर्णयापेक्षा तीच महत्त्वाची. प्रयोगशाळेतलं संरक्षण कितीही चांगलं असो, माणूस ती वस्तू किती दिवस घालतो याने त्याला गुणावं लागतं. पप्पा फोनही चार्ज करायचा विसरतात. अपडेट, वर्गणी, दिवा हिरवा आहे का बघणं हे शिफ्टच्या घाईत होणार नाही. दोरी अडकवणं चावी लावण्यासारखं अंगवळणी पडतं. उतरताना सोडायची विसरली तरी लगेच फुगत नाही, चांगला जोराचा झटका लागतो. एकदा फुगल्यावर नळकांडं घरी बदलता येतं. किमतीतही ती खाली होती, आणि हेल्मेटांचे पैसे आधीच गेले होते.

बदल्यात काय सोडलं तेही लिहून ठेवलं: समोरच्या ट्रकवर धडक बसली तर ही बंडी बहुधा उशिरा फुगेल. अमेरिकेतल्या १९८१ च्या हर्ट अहवालात ९०० अपघात जागेवर जाऊन तपासले होते. धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत स्वाराला साधारण २ सेकंदांहूनही कमी वेळ मिळतो, असं त्यात आढळलं. ताशी ६० ला २ सेकंद म्हणजे ३३ मीटर. चौपदरीकरणानंतर रस्त्यावरचा वेग वाढलाय, म्हणून ट्रकमागे निदान तेवढं अंतर सोडायचं, हे पप्पांकडून कबूल करून घेतलं. आणि चाक अंगावरून गेलं तर कोणतीच बंडी कामाची नाही, हेही घरात स्पष्ट बोललो.

तुम्हाला घ्यायची असेल तर दुकानात हे विचारा: छाती, पूर्ण पाठ आणि कंबर यांपैकी काय झाकलं जातं? लेव्हल १ की २? फुगायला एकूण किती वेळ, आणि तो कुठल्या क्षणापासून मोजला? नळकांडं गावात मिळेल का, की कुरिअरची वाट बघायची? फुगल्यावर छाती आवळू नये इतकी आत जागा आहे का? थंडीतल्या स्वेटरवर घालून बघा, मगच माप ठरवा.

आई आता कालनिर्णयवर खूण करते: ज्या ड्युटीला बंडी घातली त्या तारखेला टिक. जानेवारीत पान टिकांनी भरलं होतं. मार्चपासून त्या विरळ होत गेल्या. भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो, त्यात अंगावर आणखी एक थर कोण चढवणार? पप्पा म्हणतात, "रातपाळीले घालतो, दिवसपाळीचं पाहू." तेही चालेल. निदान आता आमच्याकडे वापराचे खरे आकडे आहेत, आणि पुढच्या हिवाळ्यात त्यावरच बोलणं होईल.

दोन्ही हेल्मेटांसाठी मात्र कालनिर्णयवर खूण करावी लागत नाही. ती दाराजवळच्या खिळ्यांवर शेजारी शेजारी असतात, आणि रविवारी सकाळी दोन्ही खिळे रिकामे असतात.