शिक्का आणि मोर्तब

जुन्या मराठी दफ्तरांतील पत्रांच्या शिरोभागी शिक्का आणि समाप्तीला मोर्तब उमटविण्याची चाल होती. मोर्तब झाल्यावर त्याखाली कोणाला आणखी एक अक्षरही घुसडता येऊ नये, हा तिच्यामागील साधा हेतू. पाणी तापविण्याच्या विजेच्या रॉडवरील 'आयएसआय' ही मुद्रा पाहिली म्हणजे मला त्या चालीची आठवण होते, कारण तिच्याही माथ्यावर मानकाचा क्रमांक, म्हणजे आयएस ३६८, आणि पायथ्याशी 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होणारा परवान्याचा क्रमांक असतो: वस्तू कोणत्या कसोटीला उतरली ते वर, आणि तिच्याबद्दल जाब कोणाला विचारावयाचा ते खाली.

दहा-बारा माणसांच्या बळावर असे रॉड तयार करणाऱ्या कारखानदाराला 'सर्टिफिकेट काढून देतो' म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि तोही मग कच्चा माल घ्यावा तशी त्यांची दरपत्रके मागवितो. परंतु भारतात विकावयाच्या रॉडपुरता तरी हा परवाना देणारा कोण असावा, हा प्रश्न कारखानदारापुढे नसतोच. कारण २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने रॉड, इस्त्री, गिझर इत्यादी वस्तूंना ही मुद्रा सक्तीची केली असून, ती वापरण्याचा परवाना भारतीय मानक ब्यूरोखेरीज अन्य कोणी देऊ शकत नाही. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेचा हा वारसदार. १९८६ च्या कायद्याने ब्यूरो झाला, आज २०१६ च्या कायद्याचा अंमल आहे, तरी मुद्रेत आद्याक्षरे मात्र त्या दिवंगत संस्थेचीच राहिली आहेत.

निवड करावयाची असते ती प्रयोगशाळेची. येथे थोडे थांबावयास हवे. रॉडच्या नळीत नायक्रोमची तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियाची भुकटी ठासून भरलेली असते. ती उष्णता जाऊ देते, वीज अडविते, पण हवेतील ओलावा मात्र अधाशासारखा शोषून घेते. टोकाचे सील कच्चे असेल, तर कारखान्यात निर्दोष ठरलेला रॉड एका पावसाळ्यानंतर पाण्यात विजेची गळती करू लागतो, आणि बादलीत हात घालणाऱ्याला ती दिसत नाही. म्हणून नमुना केवळ कोरडा तपासून भागत नाही. तो दमट हवेत ठेवून मग त्याची गळती मोजावी लागते आणि त्यावर उच्च दाबाची वीज सोडून पाहावी लागते. ही साधने सर्वच प्रयोगशाळांत असतात असे नव्हे. स्वागतकक्षात चौकटीत लावलेला, प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या 'एनएबीएल'चा दाखला पाहून परतणाऱ्याने निम्मेच काम केले. त्या दाखल्याला जोडलेली पुरवणी मागावी, तीत आपल्या मानकाचा क्रमांक व त्याखालील चाचण्या आहेत का, आणि मुदत संपली तर नाही ना, हे स्वतः वाचावे. शिवाय त्याच मानकासाठी ब्यूरोने तिला मान्यता दिलेली आहे की नाही, ही चौकशी वेगळीच करावी लागते.

सल्लागार ठेवू नये असे मी म्हणत नाही. कागदपत्रांच्या जंजाळात जाणता माणूस उपयोगीच पडतो. मात्र मुखत्यारपत्र देताना परवान्याच्या खात्याची किल्ली आपल्याच हाती ठेवावी, आणि 'नमुना आम्हीच खास बनवून पाठवितो' असे जो म्हणेल त्याला चहा पाजून निरोप द्यावा. ब्यूरोचा अधिकारी कारखान्यात येऊन यंत्रे, चाचणीची व्यवस्था आणि नोंदवह्या पाहतो. खास नमुन्याच्या पुण्याईवर ती भेट पार पडत नाही.

माल परदेशी जावयाचा असला की हिशेब निराळा होतो. युरोपात अशा घरगुती विद्युत उपकरणाच्या विद्युत सुरक्षिततेबाबत 'सीई' चिन्ह लावताना चाचण्यांचे दस्तऐवज बाळगून अनुरूपतेची घोषणा उत्पादकानेच करावयाची असते, त्रयस्थ संस्थेच्या प्रमाणपत्राची सक्ती नसते. तरीही सोनेरी किनारीची 'सीई सर्टिफिकिटे' विकणाऱ्यांचा धंदा चाललाच आहे. अमेरिकेत १८९४ पासूनच्या 'यूएल'चे नाव एवढे रुजले आहे, की तेथील कामगार सुरक्षा खात्याने मान्य केलेल्या इतर प्रयोगशाळांची चिन्हेही चालतात हे पुष्कळांना ठाऊक नसते. मान्यता तोलामोलाची असली, तरी ग्राहकाने मागणीपत्रात विशिष्ट चिन्ह लिहिले असेल तर तेच घ्यावे लागते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी एक पत्र ग्राहकाला लिहिलेले बरे.

परवाना हाती पडल्यावर पुष्कळांना वाटते की आता सुटलो. मग पुढल्या हंगामात दोन रुपयांनी स्वस्त पडते म्हणून टोकाचे सील बदलले जाते, कोणाला कळवावयाचे राहून जाते, आणि ब्यूरोचा माणूस एखाद्या दुपारी बाजारातील दुकानातून, चार रॉडमधला मधलाच एक उचलून, पावती घेऊन निघून जातो.