चाकाला चिंच चालत नाही

1990 साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आणि वर्ध्याला खेटून असलेल्या सावंगी (मेघे) गावातली गाड्यांची वर्दळ वाढत गेली. महाविद्यालयाच्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात आसपासच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. नातेवाईक आत आणि ड्रायव्हर बाहेर, असा दिवस जातो. रिकामा ड्रायव्हर हातात फडकं घेतो. काच झाली, बॉनेट झालं, की बसतो चाकापाशी. गाडीवर जीव असलेल्या माणसाचा हात चाकावर हमखास फिरतो आणि नेमकं तिथंच सर्वांत जास्त नुकसान होतं.

घासलं की उजळतं, हा आपल्या घरांतला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. पितळेला चिंच, तांब्याला लिंबू-मीठ, काजळलेल्या पातेल्याला राख. पण अलॉय व्हील म्हणजे अ‍ॅल्युमिनिअम. त्यात बहुधा सातेक टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशिअम. या धातूवर हवा लागताक्षणी ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर चढतो आणि तोच त्याला राखतो. साधारण 4 ते 8.5 एवढ्या सामूत हा थर टिकतो. त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्कली, दोन्ही त्याला विरघळवतात. म्हणून चिंचही नको, राखही नको, धुण्याचा सोडा तर मुळीच नको. काही झटपट क्लीनर तीव्र आम्लाचे असतात. चाक क्षणात पांढरंशुभ्र दिसतं, पण ते धातू खाऊन दिसलेलं असतं.

बुगाटीने 1924 मध्ये टाइप 35 या शर्यतीच्या गाडीला ओतीव अ‍ॅल्युमिनिअमची चाकं बसवली. आज पुणे जिल्ह्यातही अशी चाकं ओतली जातात. बहुतेक चाकांवर कारखान्यातच पारदर्शक लॅकर चढवलेलं असतं. काही मात्र उघड्या धातूचीच पॉलिश केलेली असतात. आपलं चाक कोणतं, हे आधी ओळखावं. आतल्या बाजूला कोपऱ्यात किंचित मेटल पॉलिश लावून घासा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे. तसंच राहिलं तर वर लॅकर आहे आणि पॉलिशची डबी तिथंच बंद करावी, कारण तिच्यातले कण लॅकर झिजवतात.

पुढच्या चाकांवर जमणारी काळपट भुकटी ही चाकाची खरी वैरीण. ब्रेक दाबला की पॅड आणि बिडाची डिस्क झिजते; लोखंडाचे तापलेले कण उडून लॅकरला चिकटतात, ओल मिळाली की गंजतात आणि तपकिरी ठिपके कायमचे बसतात. पुढच्या ब्रेकवर भार जास्त, म्हणून भुकटीही तिथंच जास्त. त्यामुळे गावातल्या गर्दीत दर चौकाला थांबणारं चाक समृद्धी महामार्गावर सरळ धावणाऱ्या चाकापेक्षा लवकर काळवंडतं.

त्यात आपलं विदर्भातलं हवामान. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. अशा दुपारी नुकत्याच थांबलेल्या गाडीच्या चाकावर पाणी मारलं, तर साबण धुऊन निघण्याआधीच वाळतो. बसाल्टाच्या खडकातून येणाऱ्या बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डागही तसेच राहतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल स्पोकच्या मागे वाळून बसतो. तो कोरडा पुसणं म्हणजे चाकावर कानस फिरवणं. वॉशिंग सेंटरवाल्याला हे सांगायला संकोचू नये.

सकाळी, गाडी थंड असताना, आधी नुसत्या पाण्याने माती सोडवावी. मग गाडीचा सौम्य शाम्पू, मऊ ब्रश आणि चाकांसाठी वेगळी बादली. चाकाचं फडकं बॉनेटवर कधीच नको. ठिपके बसलेच असतील तर लोखंड विरघळवणारं, उदासीन सामूचं द्रावण मिळतं. लोखंड भेटलं की ते जांभळं होतं, मग भरपूर पाण्याने धुवावं. शेवटी चाक पूर्ण कोरडं करावं. वर कार्नोबा मेणाचा पातळ हात दिला तर भुकटी घट्ट बसत नाही. मात्र ब्रेकच्या उष्णतेने मेण बॉनेटवरच्यापेक्षा लवकर उडतं, म्हणून पुन्हा-पुन्हा लावावं लागतं. उघड्या धातूच्या चाकाला तर याची गरज जास्त, कारण त्याला लॅकरचा आडोसाच नाही.

दगडाने लॅकरला चीर गेली की पाणी खाली शिरतं आणि पांढरट नागमोडी रेषा पसरू लागतात. वरून कितीही घासलं तरी त्या जात नाहीत. जुनं लॅकर काढून, गंज घालवून नवं चढवावं लागतं. डायमंड कट, म्हणजे लेथवर कातून चकाकवलेलं चाक असेल तर ते पुन्हा कातावं लागतं. प्रत्येक कातणीला धातूचा पातळ थर जातो, त्यामुळे ही दुरुस्ती मोजक्याच वेळा करता येते.