ऊसतोड महिलांना मायग्रेन जास्त महागात का पडतो?

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लाखो मजूर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अपुरी झोप, जेवणाला उशीर, कमी पाणी, कडक ऊन. मायग्रेन म्हणजेच अर्धशिशी असेल, तर डोकं उठायला यातलं एखादं कारणही पुरतं.

नेमकं काय होतं?

मायग्रेन हा मेंदूशी संबंधित आजार आहे. ठणका, मळमळ, उजेड आणि आवाज सहन न होणं, हा त्रास ४ ते ७२ तास टिकू शकतो. यात 'सीजीआरपी' या रेणूचा मोठा वाटा असल्याचं संशोधनातून समोर आलं. त्याला रोखणारं पहिलं औषध अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं.

शेजारच्या कर्नाटकातल्या एका पाहणीत साधारण चारपैकी एका प्रौढाला वर्षभरात मायग्रेनचा त्रास झाल्याचं दिसलं. महिलांमध्ये आणि ग्रामीण भागात हे प्रमाण जास्त होतं.

खाडा आणि गोळी

तोडीवर एक दिवस सुट्टी घेतली की 'खाडा' पडतो. मजुरी बुडते, वर दंडही कापला जातो. मग आराम करण्याऐवजी गोळी घेऊन फडात उतरावं लागतं. पण साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं.

उपाय काय?

वारंवार त्रास होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. मायग्रेनचे झटके कमी करणारी प्रोप्रानोलोलसारखी जुनी, स्वस्त औषधं आहेत. ती सल्ल्याशिवाय घेऊ नका. अचानक असह्य डोकेदुखी, बोलताना अडखळणं किंवा हात-पाय लुळे पडणं, यापैकी काहीही झालं तर खाड्याचा विचार न करता लगेच दवाखाना गाठा.